कोण म्हणालं ते नंतर, आधी कुठं म्हणालं ते सांगा

नारायणपेठ_प्रूफ :

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तेव्हा वाचा पण वाचलंत तर उत्तर नक्की द्या.

माझे बाबा आयुष्यभर मुद्रितशोधक. नारायण पेठेत एका छापखान्यात लागले तेव्हा खिळे जुळवून पानं व्हायची, गॅलीची प्रुफं घरी यायची, आमच्या घराला कायम शाईचा वास. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवरची पानं वाचली. काम जास्त करून जुनी कागदपत्रं, बखरी, संतांचे ग्रंथ असलं. लाल पेन खिशाला कायम, लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्वदीर्घ बघणार आणि मग लग्न कुणाचं ते.

होळीच्या आदल्या आठवड्यात त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. समजतं सगळं, डोळे शाबूत आहेत, पण शब्द निघत नाहीत, सध्या त्यांच्याकडे दहाबारा शब्द आहेत तेवढेच. मी संध्याकाळी हिंजवडीवरून आलो की तासभर कॉटजवळ बसून वाचून दाखवतो. पेपर नको म्हणाले. म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येतात ते थोरांचे विचार वाचायला लागलो, वाटलं जरा उभारी येईल. पहिल्या दिवशी शिवाजी महाराजांच्या नावानं यश-अपयशावर दोन ओळी होत्या. बाबांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "कुठं?" मला वाटलं चष्मा कुठंय विचारतायत. चष्मा दिला. परत "कुठं?" तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की महाराज हे कुठं म्हणाले, कुठल्या पत्रात, कुठल्या बखरीत, पान कितवं.

रात्री शोधलं. कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी तुकाराम महाराजांच्या नावावरचं वाचलं, तसा अभंगच नाही गाथेत. तिसऱ्या दिवशी व्हॉल्टेअर. परत "कुठं?" आणि परत माझ्याकडे उत्तर नाही. दहाबारा शब्द उरलेत त्यातला एक हा आहे, म्हणजे त्यांना तो किती लागतो बघा.

तर विनंती अशी आहे. साधारण सोळावं ते अठरावं शतक, बाबांचं सगळं काम त्याच काळातल्या कागदांवर झालंय, आपल्याकडचे किंवा बाहेरचे, विचारवंत म्हणा राज्यकर्ते म्हणा संत म्हणा, त्यांचं असं बोलणं सुचवा ज्याचा पत्ता लागतो. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही, धरून बसता येईल असं काहीतरी.

मोडी_वाचते :

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा आधी.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी मोडी शिकले, गेली आठ वर्षं जुनी दफ्तरं वाचायला जाते, त्यामुळे हा "कुठं" मला फार जवळचा आहे. आपल्या सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलं ते याच एका प्रश्नासाठी काढलं म्हणा ना, राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, वाण्याच्या पुडीला जाणारे कागद गोळा करत होते.

महाराजांचं खरं वाचायचं असेल तर चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला गेलेलं पत्र वाचून दाखवा, १६७०च्या दशकातलं आहे, छापील संग्रहांत सहज मिळतं. त्यात यश, ध्येय, जिद्द असला एक शब्द नाही. पावसाळा तोंडावर आलाय, छावणीत घोडी आहेत, दाणागवत साठवलेलं आहे ते आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं चाललंय सगळं. मग सांगतात की उपाशी पडलात म्हणजे कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणेल, "कोण्ही भाकर, कोण्ही गवत, कोण्ही फाटे, कोण्ही भाजी, कोण्ही पाले", आणि जे कुणबी जीव धरून राहिलेत तेही निघून जातील, त्यांना वाटेल मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही जास्त. आणि पुढे उंदीर येतो! रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, तेव्हा जपा. एवढं मोठं राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरी येऊन देवघरातला दिवा आधी बघितला होता.

दुसरं, झाडांचं. "आंबे, फणस ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवली, त्यांना हात लावू नका" हे तुम्हाला दर पर्यावरण दिनाला महाराजांचं आज्ञापत्र म्हणून येत असेल. मजकूर अस्सल आहे, एकदम अस्सल, पण तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे, १७१५च्या सुमाराचा, म्हणजे महाराज जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचा. अमात्य महाराजांच्या अष्टप्रधानांत होते, पुढे संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई, कोल्हापूरची गादी, सगळं बघितलेला म्हातारा माणूस तो, तरुणपणी जे डोळ्यांनी पाहिलं ते पुढच्यांसाठी लिहून ठेवतोय. आरमाराला लाकूड लागतं, आंब्याफणसाचं लाकूड चालण्यासारखं आहे, तरी तोडायचं नाही कारण ही झाडं वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती "लेकरांसारखी बहुत काल जतन करून वाढविली", तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार काय. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्या, बळजबरी नको. यातला विचार महाराजांच्याच राज्यातून आलेला आहे हे मलाही वाटतं पण लेखणी अमात्यांची, आणि पंतांना त्यांचं नाव मिळायला पाहिजे ना हो.

ताम्हिणीची_पोर :

काका/दादा जे असाल ते, मी एवढं वाचलेली नाही पण एक सांगते कारण ते मी बघितलेलं आहे.

आमचं गाव मुळशीकडं. जुन्या वाड्यामागं विहीर आहे, आता कोणी पाणी नाही काढत, पंप बसला. तिच्या काठावरच्या चिऱ्याला खाचा पडल्यात, बोट आडवं घातलं तर अख्खं बसतं आत इतक्या खोल. लहानपणी मला वाटायचं छिन्नीनं केल्यात. आजी म्हणाली नाय गं, दोरानं पडल्यात. सुंभाचा दोर, मऊ, हाताला लागला तर फार तर सोलवटतं, आणि खाली काळा पाषाण. आमच्या घरातल्या बायांच्या किती पिढ्यांनी पाणी ओढलं असेल तेव्हा ते झालंय.

मी तीन वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी केली. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायची, रात्री मेसचा डबा, तीन जणींत एक खोली. दोनदा प्रिलिम गेली, दुसऱ्यांदा तर दोन मार्कानं. घरी फोन करायला तोंड नव्हतं. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या एका ताईनं गाथेतला अभंग लिहून दिला होता तो अजून माझ्या पाकिटात आहे. "नव्हे ऐसें कांहीं नाहीं अवघड । नाहीं कईवाड तोंच वरी", पुढे "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग । अभ्यासासी सांग कार्यसिद्धी", आणि मग "दोरें चिरा कापे पडिला कांचणी". ही ओळ वाचली आणि मला आमची विहीरच दिसली. तुकोबांनी ती देहूला कुठंतरी बघितलीच असणार, घरात बसून असलं सुचत नाही.

शेवटची ओळ तुमच्या बाबांसाठी आहे असं मला वाटतंय. "तुका म्हणे कैंचा बैसण्यासी ठाव । जठरीं बाळा वाव एकाएकीं". म्हणजे आईच्या पोटात बाळाला बसायला जागा एका दिवसात कुठनं होणार, ती सरकत सरकत होते. शब्द पण तसेच येतील हळूहळू.

आणि हे म्हणणारा माणूस कोण होता तेही बाबांना सांगा, म्हणजे त्यांना माहीत असणारच. १६३०-३२चा दुष्काळ, दुकान बुडालं, आणि स्वतःच लिहिलंय, "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". बायको भुकेनं मेली हे एवढं सरळ लिहून ठेवलंय. एवढं सोसलेला माणूस अवघड काही नाही म्हणतोय तर माझी प्रिलिम काय. (तिसऱ्यांदा निघाली. मुख्य परीक्षा नाही निघाली, आता तलाठी आहे, बरं चाललंय.)

साधा_सदाशिव :

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, मला हा प्रश्नच पटला नाही. कोण म्हणालं याला इतकं महत्त्व कशाला? लॉकडाऊनमध्ये माझं स्टेशनरीचं दुकान चौदा महिने जवळजवळ बंद होतं, शाळा बंद म्हणजे आमचा धंदाच बंद. त्या वेळी फ्रिजवर मुलीनं एक कागद चिकटवला होता, खाली महाराजांचं नाव, आत्ता मला पक्कं माहितीये की ते महाराजांचं नाही. पण रोज सकाळी दूध काढताना मी तो वाचायचो आणि शटर उघडायला जायचो. त्या कागदानं मला उभं केलं. मग तो खोटा म्हणून फाडून टाकू का मी? औषधानं गुण आला तर बाटलीवरचं लेबल कोण बघतो. आजारी माणसाला बरं वाटेल ते वाचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

नारायणपेठ_प्रूफ :

साधा_सदाशिव, तुमचा कागद फाडू नका, मुलीनं लावलाय तो. पण लेबलचं म्हणाल तर मी सध्या दिवसातून चार वेळा बाटलीवरचं लेबल वाचूनच गोळी देतोय हो, सकाळची आणि रात्रीची गोळी दिसायला सारखी आहे.

आणि बाबांचं म्हणाल तर त्यांना खोट्यानं बरंच वाटत नाही. दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं की त्यांचा चेहरा असा होतो की जणू कोणी त्यांच्या पानावर चहा सांडला.

ताम्हिणीची_पोर, तो अभंग मी काल रात्री एकट्यानं तीनदा वाचला. अजून त्यांना नाही वाचून दाखवला, आवाज नीट राहील याची खात्री नाही.

आरसा_घासतो :

मी बाहेरचे देतो. आधी व्हॉल्टेअरचा निकाल लावू. तुमच्याकडे आलेलं बहुधा "तुझं मत मला मान्य नाही पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे असणार. ते त्यानं लिहिलेलं नाही. १९०६ मध्ये एका इंग्लिश लेखिकेनं त्याची वृत्ती कशी होती हे सांगताना स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि ते त्याच्या नावावर चढलं, तो तर १७७८ मध्येच गेला होता.

पण त्यानं केलं काय ते बघा. तुलूझ गावात झ्याँ कालास नावाचा कापडाचा व्यापारी होता, प्रोटेस्टंट. त्याचा मुलगा घरात मेलेला सापडला, गावात उठवलं की मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानं मारला, आणि १० मार्च १७६२ला त्या म्हाताऱ्याला चाकावर हाडं मोडून मारलं. व्हॉल्टेअर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा, कालासशी ना ओळख ना नातं. आधी त्यालाही शंका होती, मग कालासच्या घरच्यांकडून माहिती काढली, कागद जमवले, वकील लावले, पत्रं लिहून लिहून अख्खा युरोप हलवला आणि ९ मार्च १७६५ला तो निकाल फिरवला गेला. तीन वर्षं. हे वाचून दाखवा बाबांना, याला तारखा आहेत.

माझा स्वतःचा आवडता माणूस मात्र स्पिनोझा. का ते सांगतो. मी टेलिस्कोपचे आरसे घासतो, हौस म्हणून, गच्चीवर पिंपावर काच ठेवून. सहा इंची आरसा म्हणजे दोन काचा एकमेकींवर, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, पुढे मागे घासायचं, थोडं फिरायचं, परत घासायचं. आधी जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी बारीक पुडीच्या वेळी ओरखडा जातो आणि परत मागे यावं लागतं, माझे एकदा दोन महिने त्यात गेले. एवढ्या वेळात हात चालू आणि डोकं मोकळं, तेव्हा मला हा माणूस समजायला लागला.

जन्म १६३२, अ‍ॅमस्टरडॅम, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा दोन वर्षांनी लहान. विचार पटले नाहीत म्हणून २७ जुलै १६५६ला त्याच्या ज्यू समाजानं त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, त्यानं लिहिलेलं वाचायचं नाही. त्यानं काय केलं, भिंगं घासायला लागला. दुर्बिणीची, सूक्ष्मदर्शकाची. हायगेन्स, ज्यानं शनीची कडी ओळखली तो, त्याच्या भिंगांचं कौतुक करायचा. १६७३ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठानं प्रोफेसरकी देऊ केली, अट एवढीच की प्रस्थापित धर्माला धक्का लागेल असं बोलायचं नाही. नको म्हणाला, कारण ही मर्यादा नेमकी कुठे सुरू होते हे त्याला सांगता येईना. भाड्याच्या खोलीत राहिला, फुप्फुसाच्या आजारानं चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, मोठं पुस्तक मेल्यावर छापलं गेलं.

त्याचं वाक्य पाहिजे तर हे घ्या, पत्ता पक्का आहे, राज्यव्यवहारावरचा त्याचा शेवटचा अपुरा ग्रंथ, पहिलं प्रकरण. माणसांच्या वागण्याकडे बघताना हसायचं नाही, रडायचं नाही, तिरस्कार करायचा नाही, समजून घ्यायचं, यासाठी मी कसून प्रयत्न केला असं तो म्हणतो. वाळीत टाकलेला माणूस हे म्हणतोय.

जाता जाता, मूळ कागद हातात घेणाऱ्या माणसाला फ्रान्सचा माँतेन्य आवडेल. जन्म १५३३. स्वतःचे निबंध छापून आले तरी थांबला नाही, १५८८च्या छापील प्रतीच्या समासात मरेपर्यंत बारीक अक्षरात भर घालत बसला. ती प्रत बोर्दो शहरात अजून आहे, समास शाईनं भरलेले.

पहाटेची_ओवी :

सगळे पुरुषच चाललेत म्हणून मी संत बहिणाबाईंचं नाव घालते. शिऊरच्या, १६२८ ते १७००. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, ग्रुपवर दोघींचं नेहमी एक करतात.

यांनी स्वतःचं आयुष्य अभंगात सांगितलंय, लहानपणीच तिशीतल्या बिजवराशी लग्न, घर सोडून गावोगाव फिरणं, कोल्हापूरला मिळालेली गाय आणि तिचं वासरू. ते वासरू हिच्या मागे मागे कीर्तनाला जायचं. त्यावरून लोक बोलले आणि नवऱ्यानं हिला मारलं, बांधून मारलं, आणि पुढे ते वासरू गेलं. वय बघा, अकरा बारा. हे सगळं ती कुणाची बाजू न घेता सांगते. आणि मग एके ठिकाणी तिचा सरळ प्रश्न येतो, "वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नव्हे । मी तों सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची". बाईची संगत नको म्हणता, मी तर बाईच आहे, मग मी जायचं कुठं? तुमच्या बाबांसारखाच प्रश्न आहे हा, "कुठं".

माझी सासू पाच वर्षं अंथरुणाला होती, मी पहाटे पाणी यायच्या आधी तिला हे अभंग म्हणून दाखवायची. तिनं आयुष्यात काय सोसलं ते मला कधी बोलली नव्हती. या अभंगानंतर एकदा बोलली. तेवढंच सांगायचं होतं.

पैठणकर_पुण्यात :

साधा_सदाशिव यांना उत्तर द्यायचं म्हणून आलो, आमच्या नाथांनी ते आधीच देऊन ठेवलंय.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०. पुढं तीनशे वर्षं लोकांनी हातानं नकला केल्या, कोणी शब्द बदलला, कोणी आपली ओवी घुसडली, प्रेमापोटीच घुसडली असंल. मग एकनाथ महाराजांनी प्रती जमवून, ताडून बघून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि शेवटी लिहून ठेवलं, "शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं". म्हणतात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरात अबद्ध झाला तो शोधला. काम भाद्रपदात कपिलाषष्ठीला पैठणला गोदाकाठी पूर्ण झालं, आणि त्या कामाला त्यांनी काय शब्द वापरलाय माहितीये का, लेखनकामाठी. कामाठी म्हणजे मजुरी, हातकाम. एवढा मोठा कवी माणूस, भागवतावर टीका लिहिणारा, दुसऱ्याच्या ग्रंथाची प्रुफं तपासायला बसतो आणि त्याला कामाठी म्हणतो. दादा, तुमच्या बाबांचा मूळपुरुष पैठणचा आहे बघा.

आणि सदाशिवराव तुमच्या फ्रिजसाठी ही, "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचें ताटीं । जाण नरोटी ठेविली". अमृतानं भरलेल्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवल्यासारखं. ओवी चांगली असंल हो तुमची, वेगळ्या ताटात वाढा, स्वतःच्या नावानं वाढा.

साधा_सदाशिव :

वेगळ्या ताटात वाढा हे पटलं. मुलीला सांगून खालचं नाव काढायला लावलं, तिनं तिथं स्वतःचं नाव लिहिलं. वाक्य तेच आहे, आणि आता मला जास्त आवडायला लागलंय.

काल शनिवारवाड्यावरून जाताना हाच विषय डोक्यात होता. नारायणराव पेशव्यांचा खून, ३० ऑगस्ट १७७३. "ध चा मा" केला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, धरावे चं मारावे, ती लोकांत चालत आलेली गोष्ट आहे, पण रामशास्त्री प्रभुण्यांनी त्या प्रकरणात राघोबादादांना, म्हणजे प्रत्यक्ष सत्तेवर बसलेल्या माणसाला, दोषी ठरवलं आणि पुणं सोडून गेले हे तर झालेलंच आहे. मुद्रितशोधकाला एका अक्षराची किंमत मी काय सांगणार. तुमच्या बाबांना भेटायला आलो तर चालेल का? अप्पा बळवंत चौकातच असतो मी रोज, माल घ्यायला.

मोडी_वाचते :

नारायणपेठ_प्रूफ, एक राहिलं होतं. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं काढावं यावर. "वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें । कुळकुळीत वळी चालिल्या ढाळें । मुक्तमाळा जैशा". बोरू कसा असावा, समास कसा सोडावा, ओळी कशा सरळ हव्यात, सगळं आहे. समर्थ म्हटलं की लोकांना बलोपासना आठवते पण शाई कशी पडावी याची एवढी काळजी करणारा माणूस होता तो. माझ्या अक्षराला वळण लागलं ते हा समास गिरवून, ६१व्या वर्षी.

नारायणपेठ_प्रूफ :

मंडळी, काल रविवार होता, कालचं सांगतो.

तुमचं सगळं एका फाइलमध्ये घेऊन मोठ्या अक्षरात प्रिंट काढली, कारण त्यांना नुसतं ऐकायला आवडत नाही, डोळ्यांसमोर कागद लागतो. सुरुवात पैठणकरांच्या नाथांपासून केली. उशी लावून बसवलं, कागद पाटावर ठेवला आणि वाचायला लागलो. शके पंधराशे साहोत्तरी म्हटल्यावर त्यांचे ओठ हलले. लेखनकामाठी शब्द आला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणजे थांब. तो शब्द मी परत वाचला. परत हात. चार वेळा वाचला.

मग नरोटीची ओवी. मी "तेणें अमृताचें" म्हणालो आणि श्वास घ्यायला थांबलो तर ते म्हणाले, "ताटीं". स्वच्छ. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात लाटणं तसंच.

पुढे वाचायला लागलो तर लक्ष नाही. डाव्या हाताचं बोट कागदावर वर नेलं, पहिल्या परिच्छेदात एका जागी ठेवलं आणि उचलेनात. मला वाटलं दमले. आईला म्हटलं आडवं करू या. त्यांनी जोरात मान हलवली, नाही. बोट आकड्यावर होतं. मी शके १५०६च्या पुढे इसवी सन टाकला होता, तुमच्या सोयीसाठी नाही, त्यांच्याच सोयीसाठी, आणि घाईत १५४८ टाइप केलं होतं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, १५८४. मी तीन वेळा प्रिंट बघितली होती, मला दिसलं नव्हतं.

टेबलावरच्या मगमधलं लाल पेन आईनं दिलं. डाव्या हातात कसंबसं धरलं, मी धरायला गेलो तर कोपरानं बाजूला सारलं. ४ आणि ८च्या मधून ती आडवी एसासारखी अदलाबदलीची खूण काढली, वाकडी, थरथरलेली, पण सुरुवात आणि शेवट बरोबर जागी. मग समासात उभी रेघ. नंतर पेन बंद करायला टोपण माझ्यापुढे केलं.

आज ऑफिसला जायच्या आधी आकडा दुरुस्त करून नवी प्रिंट काढलीये. त्यांच्या हिशेबानं ते दुसरं प्रूफ, ते पास झाल्याशिवाय पुढचं पान नाही, त्यामुळे तुकोबा, स्पिनोझा, बहिणाबाई सगळे उद्यापासून. साधा_सदाशिव, बुधवारी संध्याकाळी सहानंतर या, चहाला. पत्ता वेगळा कळवतो.

आणि ताम्हिणीची_पोर, एक विचारायचं राहिलं. "दोरें चिरा कापे पडिला" च्या पुढे तुझ्या पाकिटातल्या कागदावर "कांचणी" आहे ना, कां वर अनुस्वार आहे का? माझ्याकडच्या एका प्रतीत "काचणी" छापलंय. उद्या वाचायच्या आधी मला ते नक्की करून ठेवायचंय.